तिसऱ्या मुक्कामाचं पाणी

रत्ना, सापडलं! तिसऱ्या मुक्कामाचं पाणी सापडलं!

काल भर दुपारी मी त्या विहिरीच्या काठावर उभी होते आणि हात आपोआप फोनकडे गेला. तुझं नाव काढलं, दाबलंसुद्धा. तीनदा वाजला आणि पलीकडून आवाज आला, "बोला मावशी." आवाज थेट तुझा, पण तू मला मावशी कशाला म्हणशील? तुझी प्रज्ञा होती. तेव्हा कुठे आठवलं की तुला जाऊन चोवीस दिवस झाले. म्हटलं, "तुझी आई बरोबर होती गं. चार वर्षं बरोबर होती." आणि पुढे नुसती हसत सुटले. हसता हसता रडायला कधी लागले ते सावळदरीच्या शेषरावांना विचारावं लागेल. ते माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

तर दुःखाचं दुःखाच्या वेळी बघू, आधी बातमी. हे छापायला जाणार आहे, त्यामुळे तुला तोंडपाठ असलेलं बरंच काही परत सांगावं लागेल. मध्ये मध्ये घड्याळाकडे बघू नकोस.

आपली पहिली भेट बसस्टँडवरच्या तुझ्या ऑफिसात झाली. मी शाळेत इतिहास शिकवायची. नववीच्या मुलींची सहल अजिंठ्याला न्यायची म्हणून दोन गाड्या मागायला आले होते. तू गाड्यांची वेळापत्रकं लावायचीस. करमाडची लेक, नवरा गेल्यावर त्याच्या जागी नोकरीला लागलेली, पुढ्यात हातभर लांब तक्ता आणि कानावर पेन्सिल. मी ऐटीत सांगितलं की याच रस्त्याने आपल्या शहरातून एक फौज तोफा घेऊन दिल्लीचं तख्त जिंकायला निघाली होती, मुलींना तो रस्ता दाखवायचाय. तू मान वर केलीस.

"तोफा कशावर व्हत्या?"

"गाड्यांवर. बैल ओढायचे."

"किती बैलं?"

"पुष्कळ."

"मग पुष्कळ बैलांनी पाणी कुठं पिलं?"

बी.ए., बी.एड., वीस वर्षं खडू झिजवलेला, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही कधी पडला नव्हता. तू वर म्हणालीस, "आन् तुमच्या पोरी कुठं पिणार? वाटेत बघू म्हणलं की पोरी चक्कर येऊन पडत्यात, बाई." सहलीचा दुपारचा थांबा तूच ठरवून दिलास. फौजेचे थांबे शोधायला मात्र आपल्याला निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं.

आता त्या लढाईबद्दल दोन शब्द. उत्तरेत बादशहा आजारी पडला, तो मेलाच अशी आवई उठली आणि चार मुलगे तख्तासाठी एकमेकांवर उठले. थोरला बापाजवळ होता, दुसरा बंगालमध्ये, धाकटा गुजरातेत, आणि तिसरा इथे, दख्खनचा सुभेदार म्हणून. थंडी सरत आली तेव्हा तिसरा आपल्या शहरातून निघाला, अजिंठ्याचा घाट उतरून बुऱ्हाणपूरला गेला, पुढे नर्मदा ओलांडून धाकट्याला मिळाला. एक लढाई उज्जैनजवळ, दुसरी आग्र्याजवळ, दोन्ही जिंकल्या. नंतर त्याने धाकट्यालाही सोडलं नाही. मी हे सगळं तुला चहाच्या दोन कपांत सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस, "म्हंजे वाटणीचंच भांडण. फक्त बांध लई लांबचा."

थोरला, दुसरा, तिसरा, धाकटा. ही पद्धत तुझी. आपण गावोगाव विचारत हिंडायचो तेव्हा सुरुवातीला मी सरळ नावं घ्यायची. या शहरात आणि आसपास त्या तिसऱ्याचं नाव घेतलं की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारावर दोन तट पडायचे, आवाज चढायचे, आणि विहिरीची चौकशी राहून जायची. तू मला कोपराने ढोसलंस. "उषे, नाव घेऊ नको. नाव घेतलं की लोक त्याच्याबद्दल बोलत्यात, बैलांबद्दल कुणी बोलत नाय." तेव्हापासून आपल्या वहीत राजपुत्रांना नाव नाही. तुझ्या गाड्यांच्या पाट्यांवरचं शहराचं नाव बदललं तेव्हासुद्धा तू एवढंच म्हणालीस की लोकं दोन्ही नावं घेऊन विचारत्यात, गाडी तीच येतीय.

लिहायला बसलो की मात्र आपलं जुळायचं नाही. मला फौज 'ऐटीत' निघालेली हवी असायची, निशाणं, नगारे, हत्ती. तू तक्ता मांडायचीस. गाव, मागच्या मुक्कामापासून अंतर, पाणी, पाण्याची चव. चव कशाला, म्हणून मी हसले होते. "मचूळ पाणी बैल पीत नाय. हत्तीवरच्याला काय कळतंय त्याचं?" मोठमोठ्या ग्रंथांतून न उलगडलेली ती मोहीम तुझ्या त्या चार रकान्यांतून मला दिसायला लागली, हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. आता सांगते. हत्ती आणि निशाणं माझ्या पुस्तकात नुसती उभी होती, तुझ्या तक्त्यात ती चालायला लागली.

आणि तो दिवस. फुलंब्रीच्या पुढे एका लिंबाखाली भाकरी सोडून बसलो होतो. तू विचारलंस, "वाटेत बैलं मरत असतील का न्हाई?" मी म्हटलं, असतील की. "मग मेलेला बैल वढायला कोन जात व्हतं?" तू भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणालीस, "तुझ्या पुस्तकांत त्यांची नावं नसतील. माझ्या घराण्यात सापडतील." मी हातातला घास परत डब्यात ठेवला. तुला ते दिसलं असणार, कारण लगेच म्हणालीस, "रडगाणं लिहू नको हं. किती कोस वढला ते लिही."

आता भांडणाकडे येते.

आमच्या शाळेतले उर्दूचे सय्यदसर, त्यांच्या घरात एक जुनी फारसी वही होती. पणजोबांच्या पणजोबांनी बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावर गाड्या चालवल्या, त्यांनी वाटेतले, फौजांच्या काळापासून चालत आलेले जुने मुक्काम ओळीने लिहून ठेवलेले. सरांनी एकेक नाव वाचलं, तू टिपलंस. पहिला मुक्काम जुळला. दुसरा जुळला. चौथा, पाचवा, थेट घाटापर्यंत सगळे जुळले, प्रत्येक ठिकाणी तुला जुनी विहीर सापडली, तू पाण्याची चव घेतलीस आणि जागेवर उभी राहून खूण केलीस. तिसरा होता सावळदरी. आणि सावळदरी म्हणजे नुसता मुरमाड माळ. रस्त्यापासून दीड कोस आत, उंचावर, झाडाचं नाव नाही. तिथे पाणी विचारलं तर बायका हसल्या. "इथं पाणी? आमच्याकडं टँकर येतोय, ताई."

मी म्हटलं, यादी चुकली. सय्यदसर म्हणाले, "लिखा सो लिखा है बाई, मेरे कने रबर नै है." तू म्हणालीस, यादी चुकू शकत नाही. "गाडी इथनं सुटली आन् तिथं पोचली, तर मधी कुठंतरी ती व्हतीच की. एका दिवसात एवढी मजल बैलं मारत नाय."

"मग पाणी दाखव."

"मग दुसरा मुक्काम दाखव."

चार वर्षं! चार उन्हाळे आपण तो माळ पालथा घातला. फुलंब्रीची गाडी, पुढे मिळेल ते वाहन, डब्यात भाकरी आणि तुझी शेंगदाण्याची चटणी. तू काठीने दगड उलटे करायचीस, मी सावली शोधायची. दरवेळी शेषराव आपल्याला चहा पाजायचे, दरवेळी आपण विचारायचो, "गावात एखादी जुनी विहीर?" आणि दरवेळी ते मान हलवायचे, "गावात नाय, ताई." परतताना तू वहीत बघून पुटपुटायचीस, "दीड कोस जास्त येतोय. हा दीड कोस कुठनं आला?" मला ते पुटपुटणं इतकं पाठ झालं होतं की मी खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची.

पाडव्यानंतरच्या सोमवारी मी तुला पुस्तकाचा छापायला तयार केलेला खर्डा दाखवला. तिसरा मुक्काम मी काढून टाकला होता. दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर. मुखपृष्ठावर माझं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक, 'प्रवास साहाय्य' म्हणून तुझं. तू चष्मा लावून बराच वेळ बघितलंस. मग तिसऱ्या मुक्कामाबद्दल बोललीस, नावाबद्दल चकार शब्द नाही. आणि मी चिडले. आपलंच चुकलेलं असलं की माणूस जरा जास्तच चिडतं. मी म्हणाले, "वेळापत्रक लावणं आणि इतिहास लिहिणं यांत फरक असतो रत्ना. इतिहासाला पुरावा लागतो."

तू वही पिशवीत घातलीस. "बरं, बाई."

बाई. इतक्या वर्षांत मी तुझी 'उषे' होते. तू मला बाई म्हणालीस की समजायचं, दार लागलं.

मग आठ दिवस मी फोन केला नाही. तूच करशील म्हणून वाट बघत बसले. आपल्या दोन घरांत चिकलठाण्याच्या त्या दोन गल्ल्याच तर आहेत. चप्पल घालून आले असते तर चहा उकळायच्या आत पोचले असते. नवव्या दिवशी सकाळी प्रज्ञाचा फोन आला. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सगळं आटोपलं. मी पोचले तेव्हा तुझ्या कानावर पेन्सिल नव्हती, आणि मला ते इतकं विचित्र वाटलं की मी वेड्यासारखी टेबलावर तीच शोधत राहिले.

चूक माझी होती, रत्ना. एवढं तीन शब्दांचं वाक्य बोलायला माझ्याकडे आठ दिवस होते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. करमाडचे लोक, स्टँडवरचे चालक-वाहक, सय्यदसर पहिल्या रांगेत. वंदना झाली, माणसं बोलली. मला बोलवलं तर मी उठलेच नाही. प्रज्ञाने निघताना तुझी वही माझ्या हातात दिली. "आई म्हणायची, ही मावशीची." ती मी पिशवीत घातली आणि उघडली नाही. हिंमत झाली नाही.

दाराशी शेषराव भेटले. इतक्या लांबून दोन गाड्या बदलून आले होते. चपला शोधता शोधता म्हणाले, "लई हिंडल्या बिचाऱ्या आमच्या माळावर. त्या माळावर कुठली आलीय जुनी हीर? ते तर नवं गाव. आमचं जुनं गाव खाली तळ्यात हाय."

मी तिथेच पायरीवर बसले.

"शेषराव, चार वर्षं! सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं, गावात हीर हाय का. गावात नाय, म्हनलो. गाव आधी कुठं व्हतं ते कवा इचारलं तुमी?"

बरोबर होतं त्यांचं. शेषराव दहा-बारा वर्षांचे असताना तिथे तलाव झाला, गाव वर माळावर आलं आणि येताना नाव बरोबर घेऊन आलं. पन्नास वर्षांत नव्या गावाला देऊळ झालं, शाळा झाली, पार झाला, आपल्याला ते जुनं वाटलं. पण रत्ना, तुझं ठीक आहे, तुला माफ आहे. मी? माझं स्वतःचं गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेलंय! आम्हीही पैठणच्या बाजूला नव्या जागी तेच नाव लावून राहिलो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वडील आम्हा भावंडांना काठावर न्यायचे आणि चिखलातली आमच्या घराची जोती बोटाने दाखवायचे. ज्या बाईने गाव जागेवरून उठताना डोळ्यांनी बघितलंय, तिने नकाशावर नाव दिसलं म्हणून चार वर्षं तोच माळ खणला. हे तुला कळलं असतं तर तू हसून हसून खोकला काढला असतास. मग वर्षभर मला भेटेल त्याच्यासमोर, "ह्या इतिहासवाल्या बाई," म्हणून ओळख करून दिली असतीस.

आणि तुझा दीड कोस! माळावरच्या नव्या गावापासून खालच्या तळ्यातल्या जुन्या गावापर्यंत अंतर किती, सांग? दीड कोस! मी शेषरावांना तीनदा विचारलं. तुझा हिशोब पहिल्या दिवसापासून गाव सरकल्याचं ओरडून सांगत होता, आणि मी खिडकीकडे तोंड करून झोपत होते.

तळं पुरतं ओसरायला थोडे दिवस जाऊ द्यावे लागले. परवा शेषरावांचा निरोप आला, "या. उघडी पडली." काल सकाळच्या पहिल्या गाडीने गेले.

काय सांगू तुला! गाळात भेगा पडलेल्या, मध्ये पडक्या भिंती, आणि त्यांच्या पुढे जुन्या रस्त्याला अगदी लागून ती विहीर. विहीर कसली, तळघरच. दगडी बांधकाम, आत उतरायला रुंद पायऱ्या आणि काठावर मोटा लावायच्या जागा. मी मोजल्या, रत्ना, आठ! आठ मोटा एकाच वेळी चालतील अशी विहीर एका खेड्याला कशाला लागते? दगडावर दोराने काचून पडलेल्या खाचा आहेत, माझं बोट आत जातं इतक्या खोल. आणि पलीकडे गाळात अर्ध्या बुडालेल्या दगडी डोणी, जनावरांना पाणी पाजायच्या, एकीपुढे एक, एकीपुढे एक. शेषराव फावड्याने गाळ ओढत होते आणि मी प्रत्येक डोण निघाली की ओरडत होते. त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं. मला तिथे बैल दिसत होते गं. माना खाली घातलेले, खांदे सोललेले, ओळीने पाणी पिणारे बैल. आणि त्यांच्यामागे थांबलेली माणसं, ज्यांची नावं तुझ्या घराण्यात आहेत.

हो, हो, कळतंय मला. विहिरीवर कुणाचं नाव कोरलेलं नाही. फौज इथेच उतरली हे काही तो दगड सांगत नाही. एवढंच सिद्ध होतं की यादीतल्या जागी, जुन्या रस्त्यावर, पुष्कळ बैलांना पुरेल एवढं पाणी होतं. पुस्तकात मी एवढंच लिहिणार आहे, एक शब्द जास्त नाही. पण एवढंच तर तू म्हणत होतीस!

तिथूनच तुला फोन केला. पुढचं वर आलंच आहे.

डोळे पुसून झाल्यावर मोजमाप लिहायला म्हणून मी पिशवीतली तुझी वही पहिल्यांदा उघडली. तक्त्याचं पान काढलं. पहिला मुक्काम, पाण्याच्या रकान्यात खूण. दुसरा, खूण. चौथा, पाचवा, खूण. मला वाटलं होतं तिसऱ्यावर तर ठसठशीत खूण असणार, चार वर्षं तू माझ्याशी त्याच्यावरून भांडलीस. तिथे खूण नव्हती. बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, "उषेनं बघितल्यावर."

मी तुला पुरावा शिकवत होते! तुझी इतकी खात्री होती आणि तरी न बघता तू खूण केली नाहीस. मी मात्र न बघता सबंध मुक्काम खोडून मोकळी झाले होते. आपल्या दोघींत इतिहास लिहिणारी कोण होती ते त्या खूण न केलेल्या चौकोनात स्वच्छ दिसत होतं. 'प्रवास साहाय्य' मी तिथेच, विहिरीच्या काठावर, बरोबर नेलेल्या खर्ड्यावरून खोडलं. आता दोन नावं एकाच आकारात आहेत आणि तुझं वर आहे. त्याच्यावर वाद घालायचा नाही.

मग शेषरावांनी कॅनला दोर बांधून पाणी काढलं. आधी स्वतः चूळ भरून बघितली, मग माझ्या ओंजळीत ओतलं. मी प्यायले. जागेवर उभी राहून, तुझ्या नियमाप्रमाणे, तिसऱ्या ओळीत खूण केली. आणि शेवटचा रकानासुद्धा भरला, रत्ना. पाणी गोडं आहे.